गाडी लॉक केली होती का?

उघड्या राहिलेल्या गाडीतून होणारी चोरी पोलीस ठाण्याच्या दप्तरात सर्वांत साधी दिसते. घरफोडीसारखा कडीकोयंडा उचकटलेला नसतो, जबरी चोरीसारखी झटापट नसते, फुटलेली काचही नसते. फिर्यादी गाडीपाशी परत येतो, दार नेहमीसारखे उघडते आणि मागच्या सीटवरची बॅग जागेवर नसते. ती घरीच राहिली असेल, बायकोने उतरवून घेतली असेल, असे वाटून तास-दोन तास शोधाशोधीत जातात. मग माणूस ठाण्यात येतो. तोपर्यंत बरोबरच्या कोणीतरी त्याला एकदा तरी सुनावलेले असते, आणि ठाणे अंमलदाराचा पहिला प्रश्न ऐकताच त्याची मान खाली जाते. प्रश्न एकच असतो: ‘गाडी लॉक केली होती का?’

ठाणे अंमलदाराच्या टेबलावर वर्षानुवर्षे बसलेल्या पोलिसाला या प्रश्नाची दोन रूपे दिसू लागतात. तपासासाठी तो लागतोच. पण समोरच्याला त्यात चौकशी ऐकू येत नाही, ठपका ऐकू येतो. या एका घोटाळ्यामुळे चोऱ्या नोंदवल्या जात नाहीत, फिर्यादी खोटे बोलतात आणि तपास भलतीकडे जातो. त्याची किंमत पुष्कळदा तिसऱ्याच माणसाला मोजावी लागते.

गाडी उघडी राहते म्हणजे मालक विसरला, असे सरसकट नसते. अनेक गाड्यांत इंजिन बंद करून चालकाने दार उघडले की चारही दारांचे लॉक एकदम सुटते. मूल शाळेच्या फाटकापर्यंत सोडून दोन मिनिटांत परत यायचे म्हणून आई उतरते. तिच्या मनात फक्त तिचे दार उघडे असते, प्रत्यक्षात डावीकडची दोन्हीही उघडी असतात. पुष्कळ जण चालता चालता मागे न बघता रिमोट दाबतात. मागचे एखादे दार नीट बसलेले नसले तर गाडी लॉक होत नाही, इंडिकेटर लुकलुकत नाहीत, पण ते पाहायला कोणी थांबलेले नसते. रिमोटचा सेल उतरलेला असला तरी तेच. आणि सर्वांत नेहमीचा प्रकार म्हणजे चावी दुसऱ्याच्या हाती जाणे. चपला राहिल्या, पाण्याची बाटली राहिली, म्हणून पोरे चावी घेऊन जातात, डिकी उघडतात आणि आपटून परत येतात.

काही वेळा तर दार उघडायला लावणाराच चोर असतो. सिग्नलला दुचाकीवरचा एक जण काचेवर टकटक करतो आणि बॉनेटकडे बोट दाखवतो: ‘काका, ऑइल गळतंय.’ गाडी बाजूला घेतली की बॉनेटवर किंवा चाकापाशी खरेच काळे थेंब दिसतात. ते त्याच्याच साथीदाराने मागच्या चौकात टाकलेले असतात. चालक उतरून वाकतो, बॉनेट उचलतो आणि नेमकी पुढची काच झाकली जाते. डावीकडच्या दारातून बॅग काढायला अर्धे मिनिटही लागत नाही. दहा-दहाच्या नोटा रस्त्यावर टाकून ‘तुमचे पैसे पडले’ म्हणणे, चाक पंक्चर असल्याचे सांगणे, ही याच धंद्याची भावंडे. अशा फिर्यादीला गाडी लॉक होती का असे विचारणे निव्वळ निर्दयपणाचे असते, कारण कोणीतरी मदत करतोय या समजुतीनेच तो खाली उतरलेला असतो.

जागाही ठरलेल्या असतात. लग्नसराईत मंगल कार्यालयाचे वाहनतळ, महामार्गावरचे ढाबे, खडकवासल्याच्या चौपाटीचा रस्ता, सिंहगडाचा पायथा. गडावर जाणारा माणूस ओझे नको म्हणून पाकीट आणि मोबाइल गाडीतच ठेवतो, आणि तीन-चार तास परत येणार नाही हे त्याच्या पायांतल्या बुटांवरूनच कळते. काळ बदलला तसा चोरीचा माल तेवढा बदलला. फियाट आणि ॲम्बेसेडरच्या दिवसांत कॅसेट प्लेअर जायचे. पुढची तिकोनी काच ढकलली की हात आतल्या खटक्यापर्यंत पोचत असे. मग पुढची पट्टी काढून खिशात ठेवता येणारे प्लेअर आले. संगणकाच्या नोकऱ्या वाढल्या तसे लॅपटॉप जाऊ लागले. आता लॅपटॉपच्या बॅगेत माणसाचे निम्मे आयुष्य असते: कामाच्या फायली, बँकेचे टोकन, पासपोर्ट, घराची किल्ली.

कायद्याने यात दोष कोणाचा, हे अगदी स्पष्ट आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ प्रमाणे दुसऱ्याच्या ताब्यातली जंगम वस्तू त्याच्या संमतीवाचून, अप्रामाणिक हेतूने घेण्यासाठी हलवणे म्हणजे चोरी. १ जुलै २०२४ पूर्वी हीच व्याख्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३७८ मध्ये होती. वस्तू कुलपात होती की नव्हती, याचा त्या व्याख्येशी संबंध नाही. १८६० च्या दंड संहितेत चोरीच्या कलमाखाली जी उदाहरणे दिली होती, त्यांत अंगठीचीही होती. हमरस्त्यावर कोणाच्याही ताब्यात नसलेली अंगठी सापडली आणि उचलली, तर ती चोरी होत नाही, मात्र अपहार होऊ शकतो. दुसऱ्याच्या घरात मेजावर पडलेली अंगठी लबाडीने नुसती जागची हलवली, तरी चोरी झाली. फरक पडतो तो ताब्याने. रस्त्याकडेला लावलेली गाडी, तिचे दार सताड उघडे असले तरी, मालकाच्या ताब्यातच असते आणि तिच्यातली बॅगही.

हे कलम रोज हाताळणाऱ्यालाही त्याचा अर्थ पुष्कळदा कोर्टाच्या मागच्या बाकावर बसल्यावर उमगतो. आरोपीचा वकील फिर्यादीला उलटतपासणीत विचारतो, ‘गाडी उघडी होती हे खरे आहे का?’ फिर्यादी खाली बघून ‘हो’ म्हणतो. ‘म्हणजे कोणालाही काहीही नेता आले असते?’ पुन्हा ‘हो.’ मागे बसलेल्या हवालदाराला ओळख पटते: ठाण्यातल्या टेबलावरून आपण विचारतो तोच हा प्रश्न, तोच सूर, फक्त आता तो आरोपीच्या बाजूने विचारला जातोय. अनेकांच्या नोकरीतले वळण अशाच एखाद्या दुपारी येते. ज्या वाक्याने आरोपीचा बचाव करता येतो, ते वाक्य फिर्यादीला सुनावण्यात काय अर्थ आहे, हा विचार त्यानंतर पाठ सोडत नाही.

गाडी कुलूपबंद न करणे हा काही देशांत वेगळा नियमभंग आहे. जर्मनीच्या रस्ता वाहतूक नियमांनुसार वाहन अनधिकृत वापरापासून सुरक्षित ठेवणे चालकाला बंधनकारक आहे. पण तिथेही चालकाच्या चुकीमुळे चोराचा गुन्हा कमी होत नाही. आपल्या मोटार वाहन कायद्याचे कलम १२६ उभ्या गाडीबद्दल बोलते ते इंजिन बंद करण्याचे आणि ब्रेक लावण्याचे. गाडी आपोआप सरकू नये, ही त्यातली काळजी. आतल्या बॅगेबद्दल ते काही म्हणत नाही.

निष्काळजीपणाचा हिशेब होतो तो विम्यात. तोही नीट समजून घ्यायला हवा, कारण लोक तिथेच सर्वांत जास्त फसतात. गाडीच्या नेहमीच्या सर्वसमावेशक विम्यात गाडी आणि तिला जोडलेले सामान येते. सीटवर ठेवलेली पर्स किंवा लॅपटॉप येत नाही. त्यासाठी जादा हप्त्याचे वेगळे संरक्षण घ्यावे लागते आणि त्यातही गाडी बंद व कुलूपबंद असण्याची अट सहसा असते. अख्खी गाडीच चोरीला गेली तर ‘गाडीच्या सुरक्षिततेसाठी वाजवी काळजी घ्यावी’ ही पॉलिसीतली अट पुढे येते. पण अट मोडली म्हणून दावा मुळातच फेटाळणे दर वेळी योग्य ठरत नाही. अटभंगाच्या काही प्रकरणांत दाव्याच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम देण्याचा मार्ग सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या एका निकालात मान्य केला होता. चावी आत ठेवून चालक खाली उतरला आणि ट्रक गेला, अशा एका प्रकरणातही २०२३ मध्ये न्यायालयाने तोच आधार घेतला. म्हणजे मालकाच्या हलगर्जीपणाचे मोल ठरते ते भरपाईतल्या कपातीत. चोराच्या शिक्षेशी त्या आकड्याचे देणेघेणे नाही.

गुन्ह्याचा आणि विम्याचा हे दोन हिशेब एकत्र झाले की काय होते, ते एका नमुनेदार प्रसंगात दिसते. बॅग गेल्यावर फिर्यादीने आधी ओळखीच्या विमा एजंटला फोन केला. काच फुटलेली असती तर काही करता आले असते, असे त्याने सांगितले. तासाभराने फिर्यादी ठाण्यात आला आणि काच फोडून बॅग नेल्याची तक्रार देऊ लागला. पंचनाम्याला गेलेला हवालदार गाडीच्या डाव्या बाजूला उकिडवा बसला. दाराची काच टफन्ड असते. फुटली की तिचे खडीसाखरेएवढे दाणे होतात आणि घाव ज्या बाजूने बसतो त्याच्या पलीकडे ते जास्त उडतात. इथे दाण्यांचा सडा रस्त्यावर होता. सीटवर आणि पायपुसणीवर जेमतेम चिमूटभर सापडले. चाकाचा पाना मागच्या सीटखाली होता, त्याच्या टोकाला काचेची पूड चिकटलेली. हवालदाराने पंचांना ते दाखवले, मग फिर्यादीला बाजूला नेऊन हळू आवाजात विचारले. तो माणूस रडायला लागला. बॅगेत कंपनीचा लॅपटॉप होता, आणि गाडी उघडी राहिली होती हे कळले असते तर पगारातून पैसे कापले गेले असते.

चोरी खरी होती, खोटी होती फक्त काच. पण फिर्याद तशीच नोंदवली गेली असती तर डीबी, म्हणजे ठाण्याचे गुन्हे शोध पथक, काच फोडणाऱ्या टोळ्यांमागे फिरत राहिले असते. चोरांची मोडस, म्हणजे काम करण्याची ठरलेली पद्धत, सहसा बदलत नाही. काच फोडणारा वेगळा, लक्ष विचलित करणारा वेगळा आणि रात्री गल्लीत गाड्यांची दारे ओढून बघत जाणारा अगदीच वेगळा. ठाण्याच्या रेकॉर्डवरची नावे याच वर्गवारीने काढली जातात. शिवाय लोकसेवकाला खोटी माहिती देणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. पुढे आरोपी सापडला आणि त्याने ‘दार उघडंच होतं’ असे खरे सांगितले, तर फिर्यादीचीच साक्ष कोसळते. ‘लॉक केल्याचे आठवत नाही’ हे फिर्यादीतले वाक्य फिर्यादीला लाजिरवाणे वाटते, तपासाला मात्र तेच सर्वांत उपयोगी पडते.

म्हणून जाणते अंमलदार प्रश्नच बदलतात. लॉक केली होती का, असे न विचारता ते विचारतात, ‘तुम्ही परत आलात तेव्हा दार कसं उघडलं? रिमोट दाबावा लागला का?’ माहिती तीच मिळते. पण समोरचा आठवू लागतो, स्वतःचा बचाव करत बसत नाही. आधी कोण उतरले, चावी कोणाकडे होती, इंडिकेटर लुकलुकले का, हे सगळे आपोआप बाहेर येते.

ठपका खाली सरकत जातो, हा दुसरा अनुभव. मालक तो चालकावर टाकतो, सोसायटी राखणदारावर, नवरा बायकोवर. लग्नाच्या गाडीतून दागिन्यांची पिशवी गेली की घरच्यांचे बोट आधी पगारी चालकाकडे वळते, आणि तो बदलीचा असला तर मग विचारायलाच नको. ‘त्याला आत घ्या ना, बोलेल लगेच,’ अशी मागणी प्रतिष्ठित माणसे मोठ्या आवाजात करतात. अशाच एका प्रकरणात कार्यालयाच्या कॅमेऱ्याचे फुटेज काढले. चालक गाडी लावून उतरला, मागे वळला, दोन्ही इंडिकेटर लुकलुकले. त्याने चावी घरच्या वडीलधाऱ्यांच्या हातात दिली. अर्ध्या तासाने घरचीच दोन मुले चावी नाचवत आली, डिकीतून काहीतरी काढले आणि पळाली. या वेळी इंडिकेटर लुकलुकले नाहीत. चोर त्यानंतर आला. चालक तोवर ठाण्याच्या व्हरांड्यात उपाशी बसून होता. फुटेज पाहिल्यावर घरचे गप्प झाले. त्याची माफी कोणी मागितली नाही आणि मुलांनाही कोणी बोलले नाही. मुलांना कोणी बोलले नाही ते बरेच झाले. पण जी समजूत मुलांना मिळाली, ती चालकाला मिळायला काय हरकत होती?

कुलूप लावणे ज्याच्या हातात नसते त्याचे काय, हा प्रश्न पहाटेच्या मार्केट यार्डात समोर येतो. टेम्पोच्या डाव्या दाराचे लॉक कित्येक महिने तुटलेले असते, दार तारेने बांधलेले असते. दुरुस्तीचे पैसे नसतात किंवा गाडी एक दिवस गॅरेजला उभी करणे परवडत नाही. मालाची पट्टी घेऊन आलेला माणूस रक्कम डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवून हमालाला हाक मारायला जातो आणि तेवढ्यात ती जाते. त्याला ‘लॉक का नव्हतं?’ विचारणारा स्वतः रिक्षाने घरी जातो. रिक्षाला तर दारच नसते. रिक्षात ठेवलेला डबा किंवा मोबाइल गेला तर रिक्षावाल्याला कोणी हा प्रश्न विचारत नाही, आणि ती चोरी आहे यात कोणाला शंकाही येत नाही. मोटारीच्या बाबतीतच कुलूप न लावणे हा जवळजवळ गुन्हा समजला जातो, कारण तिथे ते लावता येते. सोय होती आणि ती वापरली नाही, एवढाच त्या मालकाचा दोष.

गाडी दुसऱ्याच्या हवाली केली की परिस्थिती बदलते. चावी घेऊन गाडी लावणारे हॉटेल हे कायद्याच्या भाषेत निक्षेपगृहीता, म्हणजे दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घेणारा, ठरते. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १५१ नुसार, साधारण समंजस माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी त्याने घ्यायला हवी. दिल्लीतल्या एका पंचतारांकित हॉटेलातून गेलेल्या मोटारीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हॉटेलला जबाबदार धरले. ‘वाहन मालकाच्या जोखमीवर’ हे पावतीवरचे छापील वाक्य त्याला वाचवू शकले नाही.

आता चोराबद्दल. रात्रीच्या फुटेजमध्ये दिसणारा दार ओढून बघणारा माणूस पुष्कळदा माणूस नसतोच, पोरगा असतो. गल्लीत लावलेल्या गाड्यांच्या रांगेशेजारून तो रमत गमत चालतो. प्रत्येक हँडलला हात लावतो, उघडले नाही की न थांबता पुढे जातो. काच फोडायची त्याची छाती नसते. कॅमेऱ्यात हे पाहिल्यावर कुलपाचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. असा पोरगा अठराच्या आतला असला तर प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जाते. त्याची आई ठाण्यात येते आणि म्हणते, ‘साहेब, त्यांनी उघडी तरी कशाला ठेवली?’ तिचे दुःख खरे असते. दार बंद असते तर त्या रात्री पोरगा हात हलवत घरी आला असता, हेही खरे असते. पण आधीची सगळी हँडले त्यानेच ओढून पाहिलेली असतात, आणि हे तिला समजावणे या कामातला सर्वांत कठीण भाग असतो. ते ओरडून सांगून चालत नाही. फुटेज दाखवावे लागते.

चोरी झाल्यावर सावरायचे कसे, याची काही रीत अनुभवाने ठरली आहे. आधी गाडीला हात न लावता उभे राहून आत काय काय होते ते आठवावे, कारण नंतर यादीत भर पडत गेली की ती संशयास्पद दिसते. बँकेची कार्डे आणि सिम ताबडतोब बंद करावीत. खात्यातून पैसे गेले असतील तर १९३० वर कळवावे. मोबाइलचा आयएमईआय क्रमांक बिलावर किंवा खोक्यावर असतो; २०२३ पासून संचार साथी संकेतस्थळावरून हरवलेला किंवा चोरीचा मोबाइल देशभर बंद करता येतो. बॅगेत घराची किल्ली आणि पत्ता असलेला कागद दोन्ही असतील तर त्याच दिवशी घराचे कुलूप बदलावे. लॅपटॉपच्या दुःखात हे हमखास राहून जाते. गाडीची दुसरी चावी आत असेल तर लॉकची व्यवस्थाही बदलून घ्यावी लागते.

मग फिर्याद. इथे एक सांगायलाच हवे: उघड्या गाडीतली चोरी ‘गहाळ’ म्हणून नोंदवून दाखला हातात देण्याकडे ठाण्यांचा कल असतो. फिर्यादीही ओशाळलेला असल्यामुळे तो निमूटपणे घेतो. गहाळ आणि चोरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गहाळ दाखल्यावर तपास होत नाही. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की प्रथम खबर नोंदवणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ मध्ये सांगितले आहे. नव्या संहितेत मात्र ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीच्या पहिल्या चोरीला, माल परत केल्यास, समाजसेवेची शिक्षा आहे, आणि तो प्रकार अदखलपात्र ठेवला आहे. त्याची एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, होते. म्हणून वस्तूंच्या किमती बिलांसह नीट सांगाव्यात. खबरीची प्रत विनामूल्य मिळते, ती मागून घ्यावी.

माल सापडलाच तर तो मुद्देमाल होतो आणि कोर्टाच्या आदेशाने परत मिळतो. वर्षानुवर्षे मुद्देमाल ठाण्यात सडत ठेवू नये, फोटो आणि पंचनामा करून तो लवकर परत द्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच बजावले होते. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ मध्ये त्यासाठी मुदतीही घातल्या आहेत. पुष्कळ प्रकरणांत मात्र काहीच सापडत नाही. तेव्हा पोलीस ‘अ समरी’चा अहवाल पाठवतात: गुन्हा खरा आहे, आरोपी मिळून आला नाही. फिर्यादीला तसे कळवले जाते. ते कागद पाहून काही जण चिडतात, काहींना मात्र पहिल्या दोन शब्दांनीच हायसे वाटते, कारण गुन्हा खरा होता असे त्यांना तोवर कोणीच म्हटलेले नसते. पुढे कधी दुसऱ्या एखाद्या तपासात तोच लॅपटॉप सापडला, तर मिटलेले प्रकरण पुन्हा उघडून पुढचा तपास करता येतो.